विकिपीडियावर पहिलं वाक्य लिहिण्याआधी

मराठी विकिपीडियावर नव्याने येणारे बरेच जण सगळ्यात आधी आपल्या गावाचं पान उघडतात. मीही तेच केलं. आजोळच्या गावाच्या पानावर २०११ च्या जनगणनेतले चार आकडे आणि तालुका-जिल्ह्याचं नाव, एवढंच होतं. मी त्यात एक वाक्य घातलं: ‘गावात ८०० वर्षांपूर्वीचं हेमाडपंती मंदिर आहे.’ दुसऱ्या दिवशी त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागली. मंदिराच्या दारावरच्या फलकावर हे ठळक अक्षरांत लिहिलंय, मी लहानपणापासून वाचत आलेय, असं मी चर्चा पानावर लिहिलं. आठवड्याभरात वाक्यच काढलं गेलं. मला खूप राग आला.

ज्याने वाक्य काढलं त्याचं बरोबर होतं, हे पुढे वाचन केल्यावर पटलं. आपल्याकडे चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं दगडी मंदिर दिसलं की त्याला हेमाडपंती म्हणायची सवय आहे. हे नाव ज्याच्यावरून आलं तो हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहारांच्या काळातला आणि हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. लोक त्यालाही सर्रास हेमाडपंतीच म्हणतात. मग आमच्या गावच्या फलकावर ‘८००’ हा आकडा कुणी, कशावरून रंगवला? गावात कुणालाच सांगता आलं नाही.

नवख्या संपादकाला विकिपीडियावर दोन वेगवेगळ्या नियमावल्या दिसतात, एक संदर्भांची आणि एक वागणुकीची. माझ्या मते त्या एकाच मुळातून आल्या आहेत. तिथे समोरचा माणूस दिसत नाही. तो प्राध्यापक आहे की दहावीतला मुलगा, हे कळत नाही आणि विचारायचंही नसतं. अशा दोन अनोळखी माणसांचं पटलं नाही, तर निवाडा कशावर करायचा? दोघांनाही उघडून बघता येईल असं छापलेलं पान, एवढाच आधार असतो. तो असला की भांडायची वेळ सहसा येत नाही. हे लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

खातं उघडताना

खात्याला टोपणनाव चालतं, खरं नावही चालतं. संस्थेचं, दुकानाचं, मंडळाचं किंवा पक्षाचं नाव देऊ नका. एक खातं म्हणजे एक माणूस, असा दंडक आहे. मंडळाच्या चार कार्यकर्त्यांनी मिळून एक खातं वापरायचं नाही आणि एकाने चार खाती काढून आपल्याच म्हणण्याला दुजोरा द्यायचा नाही. हे दुसरं उघडकीला आलं की सगळी खाती बंद होतात.

सदस्य पान हे तुमचं. तिथे कोणत्या विषयांत रस आहे हे दोन ओळींत लिहा. पूर्ण पत्ता, फोन नंबर, मुलांचे फोटो यांतलं काहीही टाकू नका. तिथला प्रत्येक बदल इतिहासात राहतो आणि जगभरातून कुणालाही दिसतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. ‘बदल प्रकाशित करा’ दाबलंत की तुमचं लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समवितरण (श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा) परवान्याखाली खुलं होतं. इतरांना ते बदलता येतं, छापता येतं, विकताही येतं. लेख तुमच्या नावावर राहत नाही. ज्यांना आपल्या शब्दाला कुणी हात लावलेला खपत नाही, त्यांनी तो मजकूर स्वतःच्या पुस्तकासाठी ठेवावा.

पहिले पंधरा दिवस

लगेच नवा लेख सुरू करू नका. आधी ‘धूळपाटी’वर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात साफ करा. पूर्वी मुलं लाकडी पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, त्यावरून हे नाव आलंय. धूळपाटीवर काहीही लिहा, पुसा, दुवे देऊन बघा, साचे, म्हणजे तयार चौकटी, लावून बघा.

मग शुद्धलेखन सुधारा. ‘आणी’चं ‘आणि’ करा, तुटलेली वाक्यं जोडा. हे करताना प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ उघडायची सवय लावा. कुणी काय घातलं, कुणी काढलं, काढताना काय कारण दिलं हे तिथे ओळीने दिसतं. नियमांची पानं वाचून जितकं कळत नाही तितकं एखाद्या वादग्रस्त लेखाचा इतिहास आणि चर्चा पान तासभर वाचून कळतं. काही बदल ‘सांगकाम्या’च्या नावाने दिसतील. सांगकाम्या म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम. त्याच्यावर रागावू नका. काही चुकलं असेल तर तो चालवणाऱ्या सदस्याला सांगा.

आधी संदर्भ, मग वाक्य

नवखा माणूस आधी आपल्याला माहीत असलेलं लिहितो आणि मग त्याला टेकू शोधतो. हा क्रम उलटा करा. आधी पुस्तक उघडा, पान वाचा, ते बंद करा आणि त्यात जे होतं तेवढंच आपल्या शब्दांत लिहा. तुम्हाला त्याहून जास्त माहीत असेल. ते जास्तीचं सध्या वहीत राहू द्या.

कोणता संदर्भ चालतो याची यादी पाठ करण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. हा मजकूर छापण्याआधी लिहिणाऱ्याखेरीज आणखी कुणी तपासला का? आणि लिहिणाऱ्याचा यात काही फायदा-तोटा आहे का?

या दोन प्रश्नांच्या चाळणीतून आपल्याकडचं रोजचं साहित्य घालून बघा. मराठी विश्वकोशाच्या नोंदीमागे त्या विषयाचा जाणकार लेखक असतो आणि संपादक मंडळ असतं, म्हणून ती भक्कम. विद्यापीठाने किंवा नावाजलेल्या प्रकाशनाने काढलेला अभ्यासग्रंथही तसाच. वर्तमानपत्रातली वार्ताहराची बातमी घडलेल्या घटनेपुरती चालते. मात्र त्याच वर्तमानपत्रातली वाढदिवसाची पुरवणी चालत नाही, कारण ती जाहिरात असते. ‘विकासपुरुष’, ‘जनसामान्यांचा आधारवड’ असे मथळे दिसले की पान उलटा. गौरवग्रंथ, स्मरणिका, संस्थेचा रौप्यमहोत्सवी अंक यांतून स्थापनेची तारीख, पदाधिकाऱ्यांची नावं यांसारखी साधी माहिती घेता येते, कामाचं मूल्यमापन नाही. कुळवृत्तांत घरच्यांनीच जमवून छापलेला असतो. त्यातली वंशावळ कितीही कष्टाने केलेली असली तरी ‘आमचे मूळपुरुष अमुक लढाईत होते’ याला तो पुरावा होत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, स्वतःची ब्लॉगनोंद, यूट्यूबवरचं निवेदन हे सोडून द्या. इंग्रजी विकिपीडियाचा लेखही संदर्भ म्हणून चालत नाही. त्या लेखाच्या तळाशी जे पुस्तक दिलंय ते शोधून वाचा आणि त्याचा संदर्भ द्या.

गावावर लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी हमखास उपयोगी पडतात. पहिली जनगणनेची जिल्हा पुस्तिका. २०११ च्या जनगणनेत गावागणिक घरं, लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय अशा नोंदी आहेत. लिहिताना ‘सध्या लोकसंख्या इतकी’ असं न म्हणता ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ असंच म्हणा, म्हणजे वाक्य जुनं झालं तरी खोटं होत नाही. दुसरी गोष्ट गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे. यात्रा, आठवडी बाजार, घाटवाटा, बंदरं यांच्या बारीक नोंदी त्यात सापडतात. त्याच खंडांत निरनिराळ्या जातींच्या स्वभावाबद्दलही लिहिलंय. ती इंग्रज अधिकाऱ्यांची आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्यांची मतं आहेत, ती आज वस्तुस्थिती म्हणून उतरवायची नाहीत. गॅझेटियरमधून काहीही घेताना ‘१८८५ च्या गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे’ असं वर्षासकट लिहा. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने जिल्ह्यांची नवी गॅझेटियर काढली, तीही जोडीला बघा.

इतिहासाची आवड असलेल्यांची खरी परीक्षा बखरींपाशी होते. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर. ती मोलाची आहे, पण ती मूळ साधन आहे. तिच्यातलं कुठलं विधान इतर कागदांशी जुळतं, कुठलं जुळत नाही, हे ठरवणं इतिहासकाराचं काम. विकिपीडियाच्या संपादकाने स्वतः बखर वाचून निष्कर्ष काढला तर त्याला तिथे ‘मौलिक संशोधन’ म्हणतात आणि ते लेखात चालत नाही. ते संशोधन वाईट असतं असं नाही. ते आधी एखाद्या संशोधन पत्रिकेत छापून यावं, मग लेखात यावं, एवढाच अर्थ.

मौखिक परंपरेच्या बाबतीत मला हा नियम अजूनही बोचतो. जात्यावरच्या ओव्या, देवीच्या कथा, गावाच्या नावामागची गोष्ट हे आजीच्या तोंडी असतं, छापलेलं नसतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा इतिहास यामुळे कोशाबाहेर राहतो, हे खरं आहे. यावर माझ्या हाताला लागलेला मार्ग असा: आधी कुणी लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ती नोंदवली आहे का ते ग्रंथालयात शोधा. जिल्ह्याच्या जुन्या नगरवाचनालयात अशी पुस्तकं धूळ खात पडलेली असतात. नसेलच, तर ती तुम्ही टिपून घ्या आणि एखाद्या दिवाळी अंकाला किंवा नियतकालिकाला पाठवा. आजी आहे तोवर हे काम करा, लेखाचं नंतर बघता येईल.

संदर्भ लिहायची रीत

संपादनाच्या चौकटीत वरच्या पट्टीवर संदर्भ देण्याची सोय असते. तिथे फक्त दुवा चिकटवून मोकळे होऊ नका. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, आवृत्तीचं वर्ष आणि पृष्ठ क्रमांक भरा. पृष्ठ क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. पाचशे पानांच्या ग्रंथाचं नुसतं नाव दिलंत तर तपासणाऱ्याने काय करायचं? बातमी असेल तर वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि मथळा द्या. मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरचे जुने दुवे पुष्कळदा मरतात, म्हणून दुवा देतानाच ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेत) जतन करून तो दुवाही जोडा.

संदर्भ वाक्याच्या शेवटी लावा, परिच्छेदाच्या शेवटी नको. तीन वाक्यांतलं एकच वाक्य त्या पुस्तकात असेल आणि खूण तिसऱ्याच्या शेवटी असेल, तर वाचणाऱ्याला तिन्ही तिथूनच आली असं वाटतं. ही नकळत झालेली फसवणूक आहे.

उतरवून घेऊ नका

माहितीवर कुणाचा हक्क नसतो, शब्दांवर असतो. विश्वकोशाचा परिच्छेद जसाच्या तसा आणून खाली संदर्भ दिला, तरी तो प्रताधिकाराचा भंगच. चार शब्द बदलणं हाही उपाय नाही. वाचा, बाजूला ठेवा, चहा घ्या आणि मग आठवेल तसं स्वतःच्या वाक्यांत लिहा. आकडे आणि नावं तेवढी पुन्हा ताडून घ्या.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं सरली की त्याचं साहित्य खुलं होतं; ही मोजणी निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून होते. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. केतकरांचा ज्ञानकोशही खुला आहे. केतकर १९३७ साली गेले. तिथून मजकूर घेता येतो, पण कुठून घेतला ते सांगूनच. शिवाय शंभर वर्षांपूर्वीची माहिती आज टिकते का, तेही बघायला हवं. छायाचित्रांचं सोपं आहे: स्वतः काढलेलं असेल तरच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या साठ्यावर, चढवा. गूगलवर सापडलेलं चढवू नका.

विशेषणं

‘थोर’, ‘महान’, ‘दैदीप्यमान’, ‘अजरामर’, ‘नयनरम्य’ हे शब्द काढून लेख पुन्हा वाचा. काही कमी झालं का? बहुतेक वेळा नाही. आदरार्थी बहुवचन हा मराठीचा स्वभाव आहे, त्याला कुणाची हरकत नसते. ‘त्यांनी शाळा काढली’ असंच लिहावं. पण शाळा कधी काढली, पहिल्या वर्षी किती मुली आल्या, विरोध कुणी केला, हे लिहिलंत की थोरवी वाचणाऱ्याला आपोआप कळते.

मतभेद असेल तिथे एक बाजू घेऊ नका. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचं उदाहरण घ्या. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडे मिळालेल्या घटनांच्या जुन्या तारीखवार यादीत, आहे. तिच्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते आणि राज्य सरकारने तीच स्वीकारली आहे. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे १६२७ मानणारी परंपराही आहे. लेखात दोन्ही याव्यात, कुणाचा आधार कशाला आहे ते यावं, आणि आजचे बहुतेक अभ्यासक कुठली मानतात तेही यावं. दोन्ही मतांना सारखीच जागा द्यायची असं नाही. ज्या मताला अभ्यासकांचा जास्त आधार, त्याला जास्त जागा.

आपली माणसं

स्वतःवर, वडिलांवर, नोकरी देणाऱ्या संस्थेवर, आपल्या नेत्यावर लेख लिहू नका. आपल्या माणसाचं काम खरंच मोठं असेल तर त्रयस्थ कुणीतरी त्याच्याविषयी सविस्तर लिहिलेलं असेलच. तसं अजून नसेल तर विकिपीडियाच्या दृष्टीने ‘उल्लेखनीयता’ सिद्ध होत नाही, आणि हा त्या माणसाच्या योग्यतेवरचा शेरा नाही. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापर-अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. अशा वेळी थेट लेखात न लिहिता चर्चा पानावर संदर्भांसह सूचना ठेवा.

हयात व्यक्तींबद्दल अधिकच जपून. गुन्हा, घटस्फोट, आजार, जात यांविषयी संदर्भ नसलेली ओळ दिसली तर ‘संदर्भ हवा’ची खूण लावून थांबू नका, ओळ काढा. समोर खरा माणूस आहे, त्याची मुलं शाळेत जातात.

तुमचं वाक्य उडालं तर

उडणारच आहे. तेव्हा लगेच परत घालू नका. आधी इतिहासात जाऊन काढणाऱ्याने काय कारण दिलंय ते वाचा. कारण पटलं तर दुरुस्ती करून, संदर्भ जोडून पुन्हा घाला. पटलं नाही, किंवा कारणच दिलेलं नसेल, तर लेखाच्या चर्चा पानावर विचारा. शेवटी सहीसाठी चार लहरी चिन्हं (~~~~) टाका, म्हणजे नाव आणि वेळ आपोआप उमटते. सुरुवात अशी करता येईल: ‘नमस्कार, आपण अमुक ओळ काढली. तिला या पुस्तकाच्या पृष्ठ ११२ चा आधार आहे. तो अपुरा वाटत असेल तर कृपया सांगावं.’ यात ‘आपण’ आहे, पृष्ठ आहे आणि प्रश्न आहे. उत्तराला चार-पाच दिवस द्या. समोरचा पगारी नोकर नाही. प्रचालकही, म्हणजे पानं आणि खाती रोखायचे जादा अधिकार असलेले सदस्यही, नोकरी-धंदा, घरदार सांभाळून फावल्या वेळात हे काम करतात.

घालणं-काढणं यांची चढाओढ लागली की दोघांचंही चुकतं, बरोबर कोण आहे याला तेव्हा महत्त्व उरत नाही. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवणाऱ्याचं खातं रोखलं जाऊ शकतं. मी स्वतःसाठी याहून कडक नियम ठेवलाय: एकदाच उलटवायचं, दुसऱ्या वेळी चर्चा पानावर जायचं. दोघांत मिटलं नाही तर ‘चावडी’वर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडा. तिथे जाणत्या सदस्यांची ये-जा असते. मात्र भावकीच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी जाऊन आपली बाजू मांडा’ असा निरोप पाठवू नका. तिथे डोकी मोजत नाहीत, आधार मोजतात. एकाच दिवशी आलेली वीस नवी खाती लगेच ओळखू येतात.

एक गोष्ट मराठीत फार घडते म्हणून स्पष्ट लिहिते. समोरच्याचं आडनाव बघून त्याची जात ताडायची आणि ‘तुम्ही लोक असंच लिहिणार’ म्हणायचं. हे एकदा लिहिलं गेलं की त्या पानावरची चर्चा संपते. वाक्याबद्दल बोला, लिहिणाऱ्याबद्दल नको. विकिमीडियाच्या सगळ्या प्रकल्पांना लागू असलेली आचारसंहिता २०२१ साली मंजूर झाली. जात, धर्म, लिंग यांवरून कुणाला हिणवणं तिच्यात सरळ बसत नाही. तुमच्यावर असा हल्ला झाला तर उत्तर देऊ नका, त्या बदलाचा दुवा प्रचालकांकडे द्या.

आणि दुसऱ्या नवख्याचं वाक्य काढायची वेळ तुमच्यावर येईल, तेव्हा बदलाच्या आढाव्यात ‘चुकीचे’ एवढंच लिहू नका. ‘फलक हा पुरेसा आधार नाही, गॅझेटियर किंवा पुरातत्त्व खात्याचा अहवाल मिळाल्यास जरूर जोडावे’ असं लिहायला फार तर मिनिटभर जास्त लागतं. माझं वाक्य ज्याने काढलं त्याने पुढे माझ्या चर्चा पानावर येऊन नेमकं हेच सांगितलं, म्हणून मी टिकले.

आजोळच्या पानावर मी शेवटी लिहिलं ते असं: ‘गावात दगडी बांधणीचं जुनं शिवमंदिर असून चैत्रात तिथे यात्रा भरते.’ यात्रेला गॅझेटियरचा आधार मिळाला. मंदिराच्या वयाला मिळाला नाही, म्हणून वय लिहिलं नाही. ते पान मी निरीक्षणसूचीत ठेवलंय, म्हणजे तिथले बदल मला कळत राहतात. गेल्या वर्षी कुणीतरी अनोळखी सदस्याने तिथे मंदिरस्थापत्यावरच्या एका ग्रंथाचा संदर्भ पृष्ठ क्रमांकासह जोडला आणि शतक घातलं. फलकावरच्या शतकाशी ते जुळत नाही. मी तो ग्रंथ वाचनालयातून मागवून ते पान वाचलं आणि त्या सदस्याच्या चर्चा पानावर धन्यवाद लिहिले.